गाजर गवताचा इतिहास आणि निंदणारे हात

मागच्या वर्षावासात वाशीम तालुक्यातल्या एका विहारात ग्रंथवाचनानंतर युवकांचे श्रमदान ठेवले होते. विहारामागची मोकळी जागा कमरेएवढ्या गाजर गवताने भरून गेली होती. काम सुरू करण्यापूर्वी आम्ही नेहमीचे चार शब्द बोललो आणि त्यात नेहमीचा विनोदही केला. हे गवत अमेरिकेच्या निकृष्ट गव्हातून आले, तो गहू काँग्रेस सरकारने आणला, म्हणून याचे नाव काँग्रेस गवत. आणि बघा, मुळासकट उपटल्याशिवाय ते जात नाही! टाळ्या पडल्या. हा विनोद चळवळीत जुना आहे आणि हमखास चालतो.

काम संपल्यावर कृषी पदविकेला शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "दादा, गव्हाचं जे सांगितलं त्याला पुरावा काय?"

आमच्याकडे पुरावा नव्हता. ऐकले होते, एवढेच. ज्या विहारात आम्ही कालाम सुत्त समजावून सांगतो, परंपरेने चालत आले किंवा सगळे म्हणतात एवढ्यावरून काही मान्य करू नका असे मुलांना बजावतो, त्याच विहाराच्या अंगणात आम्ही ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून खपवली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट समोर आली. श्रमदानातल्या दोन मुलांच्या पापण्या सुजल्या होत्या, मानेवर आणि कोपराच्या खाचेत लाल चट्टे उठले होते. आम्ही त्यांना उघड्या हातांनी, तोंडाला साधा रुमालही न बांधता त्या गवतात उतरवले होते. म्हणजे इतिहास सांगितला तो न तपासता, आणि जे विज्ञान सांगायला हवे होते ते सांगितलेच नाही.

आधी इतिहासाचे पाहू. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. कूळ सूर्यफुलाचे, मूळ मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातले. पाने गाजरासारखी म्हणून गाजर गवत. कुठे चटक चांदणी असेही म्हणतात. 'काँग्रेस गवत' या नावाची लोक दोन कारणे सांगतात. एक गव्हाचे, आणि दुसरे असे की शेंड्यावरची पांढरी फुले गांधी टोप्यांच्या गर्दीसारखी दिसतात. पुण्यात १९५०च्या दशकात हे झाड कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर दिसू लागले. १९५५ साली ते वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांच्या नजरेस आले आणि १९५६ साली त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतातील नवी नोंद म्हणून ते जाहीर केले.

आता गव्हाच्या तारखा त्याशेजारी ठेवू. ज्या कायद्याखाली अमेरिकेचे धान्य आले तो पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्याकडचा प्रसिद्ध पीएल-४८०, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने जुलै १९५४ मध्ये झाला. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गवत पुण्यात दिसले १९५५ ला. करार व्हायच्या आधी त्या कराराचा गहू पुण्याच्या उकिरड्यावर कसा उगवेल? त्या मुलाचा प्रश्न इथेच आमचा विनोद कापून टाकतो.

मग गहू निर्दोष ठरतो का? तसेही नाही. १९५१ मध्येच अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते आणि त्यावर धान्य आले होते. पुढे १९६५ आणि १९६६ च्या दुष्काळात तर बंदरात बोट लागली तरच रेशनच्या दुकानात गहू, अशी देशाची अवस्था होती. १९६६ या एका वर्षात आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. एवढ्या धान्यातून तणाचे बी येणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात हेच तण अमेरिकेतल्या टेक्सासमधून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यात मिसळून पसरले. तेव्हा धान्याबरोबर बी येते हे खरे. पण 'पीएल-४८०च्या गव्हातून हे गवत पहिल्यांदा भारतात आले' हे विधान तारखांच्या कसोटीवर टिकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या कपाटात होती. तिथे वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. १९७८ साली बेनेट, नैथानी आणि रायझादा यांनी या तणाचा भारतातला इतिहास तपासला, तेव्हा ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना त्या संग्रहात असल्याचे पुढे आले. हे ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश काळातले पहिले वन महानिरीक्षक. याहूनही मागे, १८१४ मध्ये रॉक्सबर्ग यांच्या नावाने निघालेल्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीत हे नाव आहे. म्हणजे नेहरू जन्मले त्याच्या आधी हे झाड या देशात येऊन गेले होते. तेव्हा ते पसरले नाही. १९५५ नंतर मात्र पसरले. नंतर धान्यातून, रेल्वेतून, ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलातून नवे बी येत राहिले असेल. पण सुरुवातीची जी कथा आम्ही छातीठोकपणे सांगत होतो, ती तशी नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, एवढ्याने काय बिघडले? काँग्रेसवर टीका करायला कारणे कमी आहेत का? कमी नाहीत. म्हणूनच खोटे कारण वापरण्याची गरज नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त तपासून नाकारला. ब्राह्मणी व्यवस्थेवर हल्ला करायला तो सिद्धान्त किती सोयीचा होता! बाहेरून आले, जिंकले, आपल्याला गुलाम केले. चार ओळींत भाषण तयार. आजही आपल्यातले अनेक जण तेच भाषण करतात. बाबासाहेबांनी सोय पाहिली नाही, पुरावा पाहिला. आम्ही एका तणाच्या बाबतीतही ते करू शकलो नाही, हे कबूल करायला हवे.

गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारले तर त्या वेगळी गोष्ट सांगतात. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, पोरांना सुकडी मिळाली, आणि त्याच काळात हे गवत गावाशेजारी दिसायला लागले, असे त्यांना आठवते. ही आठवण आम्ही खोटी म्हणणार नाही. ती भुकेची आठवण आहे, आणि भुकेच्या काळात जे जे नवे आले ते एका गाठोड्यात बांधले गेले. त्या दुष्काळात आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र गवताच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. खडी फोडणे, माती टाकणे, रस्ते आणि नालाबांध ही कामे त्यांनीच केली. हे तण येते ते उकरलेल्या, उघड्या पडलेल्या मातीवर. रस्त्याची कड, रेल्वेची कड, गावठाण, बांधकामाची जागा. आजही समृद्धी महामार्गाच्या बाजूने मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा असा प्रवास करा. जिथे माती हलवली गेली तिथे ते पांढरे शेंडे डोलताना दिसतील.

त्याची ताकद बियांत आहे. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. बी इतके हलके की वाऱ्याने, पाण्याने, गुरांच्या खुरांनी आणि माणसाच्या चपलेने जाते. ओल मिळाली की उगवते, महिनाभरात फुलावर येते. पावसाळा, हिवाळा असा भेद त्याला नाही. वर्षात तीन-चार पिढ्या सहज निघतात. शिवाय त्याच्या पानांतून, मुळांतून अशी रसायने मातीत उतरतात की शेजारच्या रोपाची वाढ खुंटते. 'तण खाई धन' ही म्हण आपल्याकडे आहेच. हे तण धनाबरोबर शेजाऱ्यालाही खाते.

आणि माणसाला? पार्थेनिन नावाचे द्रव्य या झाडाच्या पानाफुलांवरच्या बारीक केसांत असते. पुण्यात डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली. १९७४ आणि १९७६ साली त्यांचे निबंध परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत आले. हा रोग पहिल्याच दिवशी होत नाही. शरीर त्या द्रव्याला पुन्हा पुन्हा भेटते, मग एक दिवस ते त्याला शत्रू मानायला लागते. त्यानंतर झाडाला हातही लावायची गरज उरत नाही. वाऱ्यावर उडालेला वाळका भुगा पुरतो. पापण्या, मान, कोपराची खाच, गुडघ्याची खाच येथे आधी उठते. कातडी जाड, काळी होत जाते. काहींना शेवंती आणि सूर्यफूलही मग सोसत नाही. ज्याला एकदा जडले त्याची खाज बहुधा दर हंगामात परत येते.

इथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थांबावे अशी एक गोष्ट आहे. रुग्णालयांतून झालेल्या अभ्यासांत या रोगाच्या रुग्णांमध्ये पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा बरीच जास्त दिसते. त्याची वैद्यकीय कारणे शोधली जातात, ती असतीलही. पण आमच्या जिल्ह्यात या गवतात सगळ्यात जास्त वेळ कोण बसते? सोयाबीनचे निंदण बाया करतात. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळपासून उकिडवे बसून, हातात विळा घेऊन, कधी रोजाने, कधी गुत्त्याने. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, मानोऱ्याच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया आहेत, इतर जातींतल्या भूमिहीनही आहेत. अंगावर चट्टे उठले म्हणून रोज बुडवून, बसभाडे खर्चून त्वचारोगतज्ज्ञाकडे यातली कोण जाणार? खोबरेल तेल, कडुलिंबाचा पाला, आणि फार झाले तर मेडिकलमधून वीस-तीस रुपयांची मलमाची ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते, तात्पुरते बरे वाटते आणि नंतर कातडी पातळ होते. रुग्णालयाच्या नोंदवहीत जी बाई आलीच नाही, ती शास्त्राच्या आकड्यातही येत नाही. आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आकडा कोणत्या दारातून आत आला, एवढेच विचारतो.

आता विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे पाहू. मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा लहान नाही. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघते, मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. पत्रके निघतात, व्याख्याने होतात. त्या पत्रकांची सुरुवात बघा: 'शेतकरी बंधूंनो'. पुढे: फुलावर येण्यापूर्वी उपटावे, हातमोजे व मास्क वापरावा, पूर्ण अंग झाकावे. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण उपटणारी व्यक्ती बंधू नाही, आणि ती शेतकरीही नाही. ती दुसऱ्याच्या शेतात रोजाने बसलेली बाई आहे. हातमोजे कोणी विकत घ्यायचे हे पत्रकात नसते. 'उपटावे' या कर्मणी क्रियापदात कर्ता लपून बसतो, आणि त्या लपलेल्या कर्त्याचीच कातडी जळते. मराठी व्याकरणाचा हा गुण आमच्या प्राध्यापकांनी कधी शिकवला नव्हता!

तणनाशक आले म्हणून प्रश्न मिटला असेही कोणी म्हणेल. सोयाबीनमध्ये फवारणीने निंदणाचे काम बरेच घटले, हे खरे. त्याने बायांचे रोज घटले, हेही खरे. आणि धुरे, रस्त्याची कड, शाळेचे आवार, विहाराचे अंगण इथे शेवटी हातच लागतात.

शेतापलीकडे गायरान आहे. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्याकडे दोन शेळ्या असतात, आणि शेळ्यांना गायरान असते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते पडीक सरकारी जमिनीसाठी. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. तरी कित्येक कुटुंबे आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. जी जमीन आपण मागतो ती सरकारी कागदावर 'पडीक' असते. त्या पडीक जमिनीवर गाजर गवत चढले की जनावर तिथे तोंड लावत नाही. भुकेने खाल्लेच तर दूध कडू होते. श्रीमंताचे शेत तणाने भरले तर तो मजूर लावतो, फवारा मारतो. गायरानासाठी मजूर कोण लावणार? लढून मिळवलेली किंवा अजून न मिळालेली जमीन अशी हळूहळू निरुपयोगी होत जाते, आणि मग अधिकारी म्हणायला मोकळा की यांनी जमीन कसलीच नाही.

'परकीय तण' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत फार दिसतो. आम्हाला तो शब्द जपून वापरावासा वाटतो. वाशीम जिल्ह्याचे अर्थकारण ज्या सोयाबीनवर चालते ते चीनकडचे. भाकरीवरची मिरची अमेरिका खंडातली, तसाच टोमॅटो, तसाच मका, तसाच बटाटा. परके असणे हा गुन्हा असेल तर आपले जेवणच गुन्हेगार ठरेल. मूळचा कोण आणि बाहेरचा कोण, शुद्ध कोण आणि भेसळ कोण, ही मोजपट्टी आपल्या लोकांवर हजारो वर्षे चालवली गेली. ती झाडांवर चालवताना तरी आपण सावध असावे. झाडाबद्दल विचारायचा प्रश्न साधा आहे: ते ज्या जागी वाढते तिथे दुसऱ्या कोणाला जगू देते का? गाजर गवत देत नाही. त्याच्या मूळ प्रदेशात त्याला खाणारे किडे आहेत. इथे ते मागे राहिले आणि झाड एकटेच पुढे आले.

म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा एक भुंगा बंगळूरला आणला आणि १९८४ पासून शेतांत सोडायला सुरुवात झाली. परक्या झाडावर परका किडा! महाराष्ट्रातही तो सोडला गेला. पावसाळ्यात तो पाने चाळणीसारखी करतो, थंडीत मातीत जाऊन बसतो. १९९०च्या सुमारास तो सूर्यफुलावरही दिसल्याची ओरड झाली आणि प्रसार थांबवावा लागला. तपासात आढळले की गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले की तो ती पाने कुरतडतो. सूर्यफूल हे काही त्याचे अन्न नाही. मग पुन्हा सोडायला परवानगी मिळाली. ओरड सगळ्यांनी ऐकली होती. खुलासा मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचला. भुंगा दिसला की आजही लोक विषाचा फवारा मारतात, आपल्याच बाजूचा शिपाई आपणच मारतात.

दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो. गाजर गवताच्या जागी तरोटा पेरा, असे शास्त्रज्ञ सांगतात. मृगाच्या पावसानंतर तरोटा दाट उगवतो, सावली धरतो आणि गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. आता हा तरोटा म्हणजे कोण? पावसाळ्याच्या तोंडाशी, घरात काही नसताना, आपल्या आयांनी कोवळा खुडून ज्याची भाजी केली तोच. वर्गातल्या मुली त्या भाजीचा डबा झाकून खात, कारण ती गरिबाची भाजी. विद्यापीठाच्या पुस्तकात तिचे लॅटिन नाव आहे, आमच्या वस्तीत तिची चव आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाला माहीत असणे फार क्वचित घडते.

त्या दोन मुलांच्या पापण्या उतरल्यावर आम्ही एक पानाचे पत्रक लिहिले. अभ्यास करून लिहिले, तारखा तपासल्या. निंदणाला जाणाऱ्या बायांसमोर वाचून दाखवले. 'त्वचादाह', 'संवेदनशीलता', 'जैविक नियंत्रण' असे शब्द होते. एक बाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "हे आमच्यासाठी हाये का सायबासाठी?"

दुसरा कागद आम्ही त्यांच्याकडूनच सांगून घेतला, आम्ही फक्त लिहिले. तो असा झाला. गाजर गवत फुलावर यायच्या आत, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटा. जुन्या लुगड्याची पट्टी हाताला कोपरापर्यंत गुंडाळा, नाका-तोंडाला पदर नाही तर वेगळा धुतलेला रुमाल बांधा, कारण पदराला भुगा लागतो आणि तोच पदर घरी पोराच्या तोंडाला लागतो. घरी गेल्यावर आधी साबणाने हात, मान, तोंड धुवा, मग चूल. फुले नसलेले गवत खड्ड्यात टाकून खत करा. फुले आलेले खतात टाकू नका. विहार, शाळा, गावठाण अशा पीक नसलेल्या जागी पाच लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून ते उभ्या गवतावर मारा, पिकाजवळ नको. पाने कुरतडणारा, अंगावर रेघा असलेला भुंगा दिसला तर मारू नका. तरोट्याचे बी राखून ठेवा. अंगावर उठले तर ट्यूब लावत बसू नका, दाखवा.

सगळ्यात शेवटची ओळ बायांनी घालायला लावली: ज्याच्या शेतात निंदण, त्याने हातमोजे द्यावेत. कागद घेऊन आम्ही एका शेतमालकाकडे गेलो. बाकी सगळे त्यांना पटले. हातमोज्यांच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, हे रोजातून कापायचे की वरून द्यायचे? बायांनी सांगितले, वरून. बोलणी अजून चालू आहेत.